भागिरथाबाईंचं सार

रुख्मिणीला पाहायला धनजहून पाहुणे आले, तेव्हा मुलाची आई भागिरथाबाई सतरंजीच्या अगदी मागच्या टोकाला भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलाचे वडील शेषराव शिक्षण कुठवर झालं ते विचारत होते, मुलाचे मामा शिवण येतं का ते विचारत होते, आणि रुख्मिणी खाली मान घालून जमेल तेवढं उत्तर देत होती. कपबशा गोळा करायला ती वाकली, तेव्हा मागून हळू आवाजात प्रश्न आला.

"तुमच्या घरी सणाले काय करतेत, माय?"

रुख्मिणीने पहिल्यांदा त्या बाईकडे नीट पाहिलं. हाडापेराने बारीक, कपाळ मोठं, आणि डोळे असे, की समोरच्या माणसाने काय खाल्लं ते ओठांवरूनच ओळखावं. "खीर-पुरी," ती म्हणाली.

"अन् त्याच्या आंधी काय करत?"

कशाच्या आधी, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. छप्पनच्या बौद्ध दीक्षेच्या आधी. रुख्मिणी तेव्हा तीन वर्षांची होती, तिला काही आठवत नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली की आधी पुरण करत होतो, आताही मनात आलं तर करतो, त्यात काय. बाईंनी मान हलवली, जणू त्या घराची सगळी हकीगत त्यांना कळली. पाहुण्यांना वाशीमच्या स्टँडवर सोडून आल्यावर रुख्मिणीचे वडील म्हणाले की घर चांगलं आहे, माणसं वाचणारी आहेत. आई म्हणाली, सासू काहीतरी वेगळीच आहे.

ही गोष्ट दुष्काळातल्या त्र्याहत्तर सालची. लग्न झालं ते साधंच, त्रिशरण-पंचशील आणि गोडाचं म्हणून बुंदी. लग्नात शेषरावांनी सुचवलं होतं की सुनेचं नाव बदलून सुजाता किंवा यशोधरा ठेवावं, रुख्मिणी हे नाव जुन्या वळणाचं आहे. त्यावर भागिरथाबाई म्हणाल्या होत्या, "लिहाले शिकली असंल ते नाव कष्टानं. राहू द्या तिले." नाव राहिलं. घरात बाईंचा आवाज कधी चढत नसे, पण त्यांनी ठेवलेली वस्तू कोणी हलवत नसे, ही गोष्ट रुख्मिणीच्या तेव्हाच ध्यानात आली.

धनजला शेषरावांची थोडी कोरडवाहू जमीन होती. ते रोज सकाळी बौद्धवाड्यात लिंबाखाली बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि ज्यांना वाचता येत नाही ते ऐकत. बोलायला करडे, वागायला सरळ. मोठा मुलगा गोविंदा, म्हणजे रुख्मिणीचा नवरा, कारंज्याला जिनिंगमध्ये कामाला होता. मुलगी गंगू मंगरूळपीरला दिलेली. वैशाखी पौर्णिमेला म्हणजे बुद्धजयंतीला, आणि दसऱ्याला म्हणजे दीक्षेच्या दिवशी, सगळं गणगोत धनजला जमे. त्या दोन जेवणांचा सगळा कारभार भागिरथाबाईंचा.

त्यांची रीत रुख्मिणीने दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती. पौर्णिमेला अजून बरेच दिवस होते तेव्हाच बाई निवडण-टिपण करता करता बोलू लागल्या. गंगूचा नवरा वांगं टाकतो, तोंडाला खाज सुटते त्याच्या, पण लाजून सांगत नाही. त्याला दोडका वेगळा करायचा. गंगूची धाकटी नणंद तिखट खाते आणि मग पाणीच पीत बसते, म्हणून तिच्याजवळ तांब्या ठेवायचा. मामांना पहिला भात नको, दुसरा हवा. रुख्मिणीने विचारलं की हे सगळं तुम्हाला सांगतं कोण. बाई म्हणाल्या की सांगत कोणीच नाही. पंगत उठली की पत्रावळी त्या स्वतः उचलत, सुनांना-लेकींना हात लावू देत नसत. लोकांना वाटे, किती नम्र बाई. खरं म्हणजे त्या वाचत असत. कोणी काय टाकलं, कोणी काय पुसून खाल्लं, कोणाच्या पत्रावळीवर भाताचा ढीग चिवडून ठेवलाय. "माणूस तोंडानं खोटं बोलते," त्या म्हणाल्या. "पत्रावळ नाई बोलत."

ते वर्ष मात्र वाचून पुरणारं नव्हतं. रब्बी गेली होती, हरभरा घरात आला नव्हता, रेशनच्या दुकानातून मिळे ती परदेशी लाल मिलो ज्वारी. पुऱ्या रद्द झाल्या, त्यांच्या जागी मिलोच्या भाकरी आल्या. खिरीचा गहू पायलीऐवजी मापटंभर झाला. गुळाला हात आखडला, तेलाला आखडला. एका गोष्टीला आखडला नाही. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी बाजारातून महागात आणलेली हरभऱ्याची डाळ पाटीभर निवडली आणि पहाटे मोठ्या पातेल्यात शिजायला टाकली. ते पाहून रुख्मिणीच्या मनात आलं, पुरण! तिला पोळी लाटता येत नव्हती. पुरण बाहेर यायचं, पोळी तव्याला चिकटायची. पहिल्याच सणाला फजिती होणार म्हणून ती सकाळभर बाहेरची कामं काढून स्वयंपाकघर टाळत राहिली.

दुपारी पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, वांग्याची भाजी, भाकरी, भात, वाटीत खीर. आणि द्रोणात सार. भाजलेलं खोबरं, कांदा, चिंच, लाल तिखटाची तर्री. शेषराव पहिल्यांदा द्रोण उचलत, एक घोट घेत, "सार झालं बरं," म्हणत, आणि मग बाकीचे जेवायला सुरुवात करत. पुरणाची पोळी काही आली नाही.

बायकांची पंगत बसली तेव्हा रुख्मिणीने सार चाखलं आणि तिचा घास हातातच राहिला. ही येळवणी होती. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी निथळतात त्याची येळवणी. वऱ्हाडातलं लहान पोरही ती चव ओळखतं. येळवणी आहे म्हणजे डाळ शिजली, डाळ शिजली म्हणजे पुरण झालं. मग पुरण कुठे गेलं?

भांडी घासताना तिने सगळी पातेली पाहिली. शिंकं पाहिलं. उतरंड पाहिली. गाईच्या गव्हाणीपाशीही ती सहज म्हणून एक चक्कर मारून आली. पाटीभर डाळ घरातून नाहीशी झाली होती आणि घरातल्या कोणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. गंगूला विचारावं तर ती हसून दुसऱ्याच विषयावर गेली. रात्री गोविंदाला विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्या घरी याले सारच म्हंतात," आणि कूस बदलून झोपला.

पुढे पाऊसपाणी बरं झालं, दिवस उजाडले, पण रुख्मिणीच्या डोक्यातून ती डाळ गेली नाही. दसऱ्याला ती चुलीजवळून हललीच नाही. डाळ शिजली. बाईंनी ती वेळूच्या टोपलीत ओतून खाली परात धरली, पाणी थेंब न थेंब निथळू दिलं. पाणी साराला घेतलं. टोपलीवर धुतलेलं फडकं बांधलं आणि मागच्या दाराशी ठेवली. थोड्या वेळाने मागच्या दारी जैतुनबी आली. मुसलमान मोहल्ल्यात राहणारी, पिंजाऱ्याची बायको, बोलायला मोकळी. "भाबी, कोथमीर देव जरासी," ती म्हणाली. बाईंनी कोथिंबिरीची जुडी दिली. जैतुनबीने जुडी टोपलीवर ठेवली, टोपली कमरेवर घेतली आणि कोथिंबीर नेल्यासारखी निघून गेली. जाताना रुख्मिणीकडे पाहून म्हणाली, "नवी बहू के डोळे लई मोठे हाय."

मग भागिरथाबाईंनी सांगितलं. सांगताना त्या सार ढवळत होत्या आणि एकदाही थांबल्या नाहीत.

शेषरावांची मोठी बहीण, रंगूबाई. आई लवकर गेली, तेव्हा रंगूबाईंनीच भावाला वाढवलं. सण झाला की दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या बायकांनी टोपली घेऊन गावात पोळी मागायला जायचं, असा तेव्हाचा रिवाज. मागच्या दारी उभं राहायचं, वरून टाकतील ते झेलायचं. रंगूबाई लहान असल्यापासून जात. टोपलीतल्या शिळ्या पुरणपोळ्यांतली मऊ ती निवडून भावाला देत. शेषराव मोठे झाले, वाचायला शिकले, छप्पन साली नागपूरला जाऊन आले, आणि आल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. मागायची टोपली या घरातून पुन्हा निघणार नाही. आणि पुरण या घरात शिजणार नाही; ती चव दुसऱ्याच्या मागच्या दाराची आहे.

पहिल्या गोष्टीवर रंगूबाई काही बोलल्या नाहीत. टोपली त्यांनीच चुलीत घातली. दीक्षाही घेतली, वंदना त्यांना भावाच्या आधी पाठ झाली. पण दुसरी गोष्ट त्यांना लागली. त्या म्हणाल्या, "म्या चारलेल्या घासाची तुले लाज वाटते. मग माह्या भावाच्या घरचं पाणी मले नको." आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, जैतुनबीच्या घराशेजारी, खोली करून राहिल्या. तेव्हापासून सतरा वर्षं बहीण-भाऊ एका गावात होते, विहारात एका रांगेत बसत होते, आणि एकमेकांच्या घरचा घोट घेत नव्हते.

"दोघंही खरे होते," बाई म्हणाल्या. "मी कोणाचं मोडू?"

म्हणून त्यांनी कोणाचंच मोडलं नव्हतं. डाळ शिजवली म्हणजे पुरण होत नाही. गूळ पडला की पुरण. गूळ त्या घरात डाळीत पडत नव्हता. शिजलेली डाळ निथळून जाई, म्हणजे त्या घरच्या पाण्याचा थेंब रंगूबाईंकडे जात नसे. रंगूबाई आपल्या चुलीवर गूळ घालत, आपल्या पाट्यावर वाटत, पोळ्या करत, जैतुनबीच्या पोरांना वाटत आणि स्वतः खात. एका पातेल्यातलं पाणी भावाकडे राही, डाळ बहिणीकडे जाई.

रुख्मिणीने विचारलं की मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, हे माहीत आहे का. बाईंनी डाव उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. पण बाईंना एकाच गोष्टीची धास्ती होती. शेषराव तत्त्वाचा माणूस. विषय उघड्यावर आला, पंगतीत कोणी बोलून गेलं, तर ते तत्त्वाने उत्तर देतील, आणि मग डाळही बंद होईल. रंगूबाईंना तेवढाच एक घास उरला होता माहेरचा. "म्हून सांगते," त्या म्हणाल्या, "याले सार म्हणाचं."

रुख्मिणी सार म्हणू लागली. पण तिच्या मनात एक प्रश्न राहिलाच, जो ती सासूला विचारू शकली नाही. शेषराव वऱ्हाडातच जन्मले, वऱ्हाडातच वाढले. त्यांच्या जिभेला येळवणी कळत नसेल, असं कसं होईल?

चौऱ्याहत्तरची वैशाखी पौर्णिमा आली. यंदा सगळं भरभरून होतं. घरचा हरभरा आला होता, गहू होता, पुऱ्या होणार होत्या. बाईंनी गेल्या दसऱ्याच्या पत्रावळींवरून सगळी जुळणी केली. दोडका वेगळा, तांब्या जवळ, मामांना दुसरा भात. पण पहाटे डाळ टाकताना रुख्मिणीने पाहिलं की त्यांनी पाटीतली अर्धीअधिक डाळ परत मडक्यात ओतली. रंगूबाईंना होळीपासून जेवण जात नव्हतं. उठून बसणं कठीण झालं होतं, पाटा-वरवंटा तर दूरच. जैतुनबी आदल्या दिवशी येऊन सांगून गेली होती की बडीबी, म्हणजे रंगूबाई, म्हणते, थोडीशीच पाठव, फेकायला नको. कारंज्याच्या डॉक्टरने तपासून हात टेकले होते. शेषरावांना बातमी होती की नाही, कोण जाणे. विहारातली बहिणीची जागा रिकामी दिसत असेलच, पण ते घरात त्याबद्दल काही बोलले नव्हते.

माणसं तेवढीच, डाळ कमी. बाईंनी चिंच वाढवली, खोबरं वाढवलं, थोडं बेसनही लावून पाहिलं. साराने रंग धरला, अंग धरलं नाही.

पंगत बसली. मांडवाखाली ऊन तापलं होतं, पोरं पंख्यांनी एकमेकांना वारा घालत होती. शेषरावांनी द्रोण उचलला, एक घोट घेतला. सगळे थांबले होते. त्यांनी दुसरा घोट घेतला.

"सार पातळ झालं," ते म्हणाले.

भागिरथाबाई वाढता वाढता थांबल्या. गंगूने नवऱ्याकडे पाहिलं, गोविंदा पत्रावळीकडे पाहू लागला. बाई म्हणाल्या की माणसं जास्त होती, अंदाज चुकला.

"तुहा अंदाज चुकत नसते," शेषराव म्हणाले. "मागच्या साली दुष्काळात दाट होतं. यंदा घरची डाळ हाय, अन् पातळ."

 शेषरावांनी द्रोण खाली ठेवला आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. रुख्मिणी खिरीचं भांडं धरून उभी होती. तिला दिसलं की ते हिशेब करत आहेत. सरळ, साधा हिशेब, जो त्यांना सतरा वर्षं पाठ होता.

"किती जेवते ती?" त्यांनी विचारलं.

"दोन घास," बाई म्हणाल्या. "तेबी नाई कधी कधी."

शेषरावांनी द्रोण पुन्हा उचलला, उरलेलं सार सावकाश पिऊन संपवलं, लोकांना म्हणाले की जेवा तुम्ही, आणि उठून हात धुतले. मग ते मागच्या दाराशी गेले. कोणी न सांगता गेले. फडकं बांधलेली टोपली तिथे होती, जैतुनबी अजून यायची होती. त्यांनी ती उचलून कमरेवर घेतली. बायका घेतात तशी.

"रुख्मिणीले धाडून द्या मांगून," ते म्हणाले. "गूळ घेऊन ये म्हणा."

शेषराव टोपली घेऊन गावातून चालले, तेव्हा भर दुपार होती. मारुतीच्या पारावर दोघेतिघे बसले होते, ते पाहत राहिले. ज्याने आपल्या घरची मागायची टोपली बंद केली, तोच टोपली घेऊन निघाला होता. शेषरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि तोंडही लपवलं नाही. रुख्मिणी पदरात गुळाचा खडा बांधून मागे होती. तिला त्यांच्या वेगाने चालणं जमत नव्हतं.

रंगूबाईंची खोली ठेंगणी. बाजेवर अंथरुणात त्या जवळजवळ दिसतच नव्हत्या. जैतुनबी उशाशी बसली होती; शेषरावांना पाहून तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि उठून एका बाजूला झाली. शेषराव उंबरठ्याबाहेरच थांबले. टोपली कमरेवर तशीच.

रंगूबाईंनी मान वळवली. पाहायला त्यांना वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "दारात कायले उभा रे? पोळी मांगाले आला का?"

आवाज अगदी क्षीण होता, पण टोमणा पुरता टोमणा होता. जैतुनबीने तोंडाला ओढणी लावली. रुख्मिणीला वाटलं, आता हे माघारी फिरणार.

"हव अक्का," शेषराव म्हणाले. "भूक लागली."

 रंगूबाईंनी रुख्मिणीकडे बोट केलं. ही कोण, हे त्यांनी विचारलं नाही. चूल पेटव म्हणाल्या. गूळ फोड. पुढचा तासभर त्या बाजेवरून सांगत होत्या आणि रुख्मिणी करत होती. गूळ आधी सगळा टाकू नको. आता ढवळ. डाव उभा राहतो का पाहा; राहत नाही ना, मग थांब. कणीक सैल हवी, तुझी घट्ट आहे, तेलाचा हात लाव. पाट्यावर पुरण वाटताना रुख्मिणीचे हात भरून आले, तर त्या म्हणाल्या की सासू तुला नुसती डाळ निथळायला शिकवते की काय. पहिली पोळी फाटली. दुसरीही फाटली. तिसरी बरी झाली.

फाटलेली पोळी शेषरावांनी घेतली. त्यांनी ती तुकडा तुकडा करून खाल्ली, डोळे मिटून नाही, उघडे ठेवून, बहिणीकडे पाहत. रंगूबाईंनी दुधात बुडवून दोन घास घेतले. मग पाणी मागितलं. माठ जैतुनबीच्या जवळ होता, पण भांडं शेषरावांनी भरलं आणि तोंडाशी धरलं. ते पाणी भावाच्या घरचं नव्हतं, त्या खोलीतलंच होतं. तरी रंगूबाईंनी भांड्याच्या काठावरून भावाकडे एकदा पाहून घेतलं आणि मगच घोट घेतला.

दोघं परत आली तेव्हा भागिरथाबाई राहिलेल्या पत्रावळी उचलत होत्या. शेषरावांची पत्रावळ त्यांनी हातात धरली तेव्हा द्रोण कोरडा होता आणि बाकी सगळं जसंच्या तसं होतं. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

त्या उन्हाळ्यात शेषराव रोज संध्याकाळी बहिणीकडे जाऊन बसत आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. तिला त्यातलं फारसं ऐकू येत नसावं. मृगाच्या सुमारास रंगूबाई गेल्या. भावाच्या घरी त्या शेवटपर्यंत आल्या नाहीत. त्यांना कोणी आग्रहही केला नाही.

दसरा आला तेव्हा रुख्मिणीला उत्सुकता होती, पहाटे डाळ टाकली जाते की नाही. डाळ टाकली गेली, पाटीभर. शिजली, टोपलीत निथळली. पाणी साराला गेलं. आणि मग भागिरथाबाई टोपलीसमोर बसून राहिल्या. फडकं हातात होतं, पण ते बांधायचं कशासाठी ते त्यांनाही कळत नव्हतं. जैतुनबी मागच्या दारी येऊन उभी राहिली होती, यंदा तिनेही कोथिंबीर मागितली नाही.

शेषराव आतून आले. त्यांच्या हातात गुळाची अर्धी ढेप होती. ती त्यांनी टोपलीशेजारी ठेवली. म्हणाले, "तुमी खा. मले मात्र सारच वाढा." आणि लिंबाखाली वाचायला निघून गेले.

त्या दुपारी सतरा-अठरा वर्षांनी त्या घरात पोळ्या झाल्या. लाटल्या रुख्मिणीने, जैतुनबीने डबा भरून नेला. शेषरावांनी आपल्या हयातीत घरची पुरणपोळी कधी खाल्ली नाही. सार मात्र पुन्हा पातळ झालं नाही.

भागिरथाबाई आता नव्वदीच्या पुढे आहेत. कारंज्याला नातवाकडे राहतात. डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे, म्हणून सणाला त्या फक्त सार आणि भात घेतात, आणि पत्रावळींची ताटं झाली तरी जेवणं आटोपल्यावर ती उचलायला अजूनही कोणाला हात लावू देत नाहीत.